परीकथा-कथन, मुंबईतील

परीकथा-कथन : पारंपरिक परीकथा किंवा अद्भुतकथा हाती पुस्तक न धरता, समोर बसलेल्या श्रोत्यांना तोंडी सांगण्याची प्रयोगरूप कला. कथावाचन आणि नाट्यरूपांतर या दोहोंपासून ती वेगळी आहे; निवेदक सगळ्या पात्रांचे बोल बोलतो, पण कोणतेही पात्र होऊन वावरत नाही. मुंबईत ती अनेक भाषांत सादर होते. प्रस्तुत नोंद मुख्यतः मराठी कथनापुरती आहे.

पूर्वपीठिका : या कलेचा उगम कीर्तनात शोधण्याचा प्रघात आहे. तो सावधपणेच स्वीकारावा लागतो, कारण कीर्तनाच्या उत्तररंगातील (उत्तरार्धातील) आख्यान प्रायः पौराणिक किंवा संतचरित्रपर असते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांनी लोकप्रिय केलेले कथाकथनही लेखकाच्या स्वतःच्या कथांचे होते. अद्भुतकथा नांदली ती घरात. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी घरगुती कथन आणि व्यावसायिक कथेकऱ्यांचे सार्वजनिक कथन असा जो भेद केला आहे, तो येथे अधिक उपयुक्त वाटतो. घरातही दोन रीती होत्या : ‘आटपाट नगर होतं’पासून ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंत जवळजवळ ठरलेल्या शब्दांत चालणारी व्रताची कहाणी, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या झोपेनुसार लांबणारी वा आटोपणारी आजीची गोष्ट. आजचा निवेदक पहिलीतून चौकट घेतो, दुसरीतून मोकळीक.

मुंबई इलाख्याशी निगडित महत्त्वाचा जुना पुरावा म्हणजे १८६८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा संग्रह. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने वडिलांबरोबरच्या दख्खनच्या दौऱ्यात, बहुधा १८६५-६६ च्या हिवाळ्यात, आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून या कथा ऐकल्या. ॲनाने त्या आजीकडून ऐकल्या होत्या. तिचे घराणे मूळचे लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेले. या कथा कितपत ॲनाच्या आणि कितपत मेरीच्या, हा वाद जुना आहे. मेरीने टिपणे काढून, मजकूर लिहून तो ॲनाला वाचून दाखवला असे ती सांगते. तथापि ॲनाने कथा इंग्रजीतून सांगितल्या असल्याने आजीच्या तोंडची लय दोन गाळण्यांतून, ॲनाच्या इंग्रजीतून आणि मेरीच्या लेखणीतून, गेली असणार. किरिन नारायण यांच्या संपादित आवृत्तीने (२००२) ॲनाला पुन्हा केंद्रस्थानी आणले असून, तिचे आत्मकथन संग्रहात छापलेले असल्यामुळे तोच पक्ष अधिक ग्राह्य दिसतो. संग्रहातील ‘पंचकिन’ ही कथा राक्षसाचा किंवा जादूगाराचा जीव शरीराबाहेर दुसरीकडे असण्याच्या जगभर आढळणाऱ्या कथाप्रकारातली (लोककथाप्रकारांची आर्ने-थॉम्प्सन-उथर सूची, क्र. ३०२) आहे. येथे जादूगार पंचकिनचा जीव पोपटात असतो : पोपटाचा उजवा पंख उपटताच त्याचा उजवा हात गळून पडतो.

सादरीकरण : पाठांतर शब्दांचे नसते, घटनाक्रमाचे असते, शब्दशः पाठ ठेवतात ती केवळ पालुपदे. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत (त्याच सूचीतील क्र. १२२ एफ) ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा’ हे वाघाला एकदा सांगितले की पुढच्या प्राण्याच्या वेळी श्रोतेच ते पुरे करतात, आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ला निवेदकाने गप्प राहिले तरी चालते. वाटेत किती प्राणी भेटवायचे ते सभागृहाचा रंग पाहून ठरते. काटेकोरपणे पाहता ही परीकथा नव्हे, प्राणिकथा होय. प्रयोगात मात्र हा भेद पाळला जात नाही.

सद्यःस्थिती : सानेगुरुजींच्या निधनानंतर (१९५०) प्रकाशभाई मोहाडीकर यांनी सुरू केलेल्या साने गुरुजी कथामालेने मुलांसाठीच्या कथनाला संस्थात्मक रूप दिले, तरी तिचा भर संस्कारांवर राहिला. २००५ पासून दिल्लीत पुनरुज्जीवित झालेली उर्दू दास्तानगोई (दीर्घ अद्भुतकथा तोंडी सांगण्याची कला) मुंबईतही सादर होते. काळा घोडा कला महोत्सव, ग्रंथालये व शाळा ही आजची नेहमीची स्थळे होत. हल्लीचे निवेदक बहुधा छापील संग्रहांतून कथा उचलतात. त्यामुळे या प्रथेला अखंड परंपरेपेक्षा पुनरुज्जीवन म्हणणे अधिक योग्य ठरेल. पोपटाचे पंख उपटण्यासारखे क्रूर प्रसंग मुलांसमोर सौम्य करावेत की नाहीत, याबाबत मतभेद आहेत.