डिडक्टिबल आणि को-पेमेंट: कमी हप्त्याची किंमत कशी मोजावी?

खासगी आरोग्य विम्याचा हप्ता कमी करण्याचे दोन मार्ग बहुतेक वेळा ग्राहकापुढे एकाच दमात ठेवले जातात: डिडक्टिबल आणि को-पेमेंट. दोन्हींत उपचारखर्चाचा काही भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो आणि त्या बदल्यात हप्त्यात सवलत मिळते. त्यामुळे अनेक जण ज्यात सवलत जास्त तो पर्याय निवडून मोकळे होतात. प्रत्यक्षात हे दोन बोजे वेगळ्या प्रकृतीचे आहेत, आणि मोठ्या आजारपणात तर त्यांतला फरक कुटुंबाची आर्थिक घडी ठरवणारा असतो.

डिडक्टिबल ही आधीच ठरलेली रक्कम असते. तेवढा खर्च विमाधारक करतो आणि त्यापुढचा विमा कंपनी करते. को-पेमेंटमध्ये रक्कम ठरलेली नसते, टक्केवारी ठरलेली असते, त्यामुळे बिल वाढेल तसा विमाधारकाचा वाटाही वाढत जातो. (काही देशांत डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीमागे द्याव्या लागणाऱ्या ठरावीक शुल्कालाही को-पेमेंट म्हणतात, येथे टक्केवारीचा प्रकारच अभिप्रेत आहे.)

चलन कोणतेही असो, एका पॉलिसीत ५०,००० चा डिडक्टिबल आणि दुसरीत २० टक्के को-पेमेंट आहे असे धरू. बिल ६०,००० चे झाले, तर पहिल्या पॉलिसीत स्वतःचे ५०,००० जातात आणि दुसरीत केवळ १२,०००. एवढ्यावरून को-पेमेंट बरे वाटणे स्वाभाविक आहे. बिल २,५०,००० वर पोहोचले की दोन्हींचा भार सारखा, म्हणजे ५०,००० होतो. बिल १०,००,००० झाले, तर पहिल्या पॉलिसीतला वाटा ५०,००० वरच थांबलेला असतो, पण दुसरीतला २,००,००० झालेला असतो. डिडक्टिबलच्या रकमेला को-पेमेंटच्या दराने भागले की हा समतोलाचा आकडा निघतो, आणि दोन पर्यायांतून निवड करणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःसाठी काढून पाहायला हवा. त्या आकड्याखालची बिले आपण घरच्या शिलकीतून भागवू शकतो का आणि त्यावरची भागवू शकतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा वेगवेगळी येतात.

मनुष्य विमा घेतो तो मुळात न झेपणाऱ्या खर्चासाठी. झेपणाऱ्या खर्चात कंपनीचा व्यवस्थापन खर्च आणि नफा मिळवून तो हप्त्यातून फेडणे महागच पडते. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली हीच गोष्ट गणिताने मांडली. हप्ता जर पॉलिसीतून मिळणाऱ्या सरासरी भरपाईवरच अवलंबून असेल, तर जोखीम टाळू पाहणाऱ्या ग्राहकासाठी सर्वांत चांगली रचना म्हणजे एका ठरावीक रकमेपर्यंत स्वतः खर्च करायचा आणि त्यापुढे पूर्ण संरक्षण घ्यायचे, असे त्यांनी दाखवले. ही रचना डिडक्टिबलची आहे. वरची मर्यादा नसलेले को-पेमेंट नेमके उलटे काम करते: लहान बिलात ते उदार असते, आणि जिथे विम्याची खरी गरज भासते तिथे सर्वांत जड होते.

विमा कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. डिडक्टिबल ओलांडल्यावर उपचार किती महाग आहेत याच्याशी रुग्णाला काही देणेघेणे उरत नाही, तर को-पेमेंटमुळे बिलातल्या प्रत्येक वाढीची झळ त्यालाही लागते आणि म्हणून तो विचारपूर्वक खर्च करील, असा त्यांचा युक्तिवाद असतो. बाह्यरुग्ण विभागातल्या किंवा आधी ठरवून करायच्या उपचारांबाबत त्यात तथ्य आहे. पण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेला नातेवाईक दरांची तुलना करत नाही, आणि त्याने ती करावी अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते.

या युक्तिवादाची मोठी कसोटी अमेरिकेत लागली. रँड या संशोधन संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात २,७०० हून अधिक कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वेगवेगळ्या विमा योजनांत विभागले. काहींना उपचार पूर्ण मोफत होते, तर काहींना खर्चाचा २५, ५० किंवा ९५ टक्के वाटा उचलावा लागत होता. स्वतःचे पैसे जाऊ लागल्यावर लोकांनी उपचार कमी घेतले, हे अपेक्षितच होते. मात्र ही घट मुख्यतः डॉक्टरांकडे जाण्याचेच टाळल्यामुळे झाली. एकदा उपचार सुरू झाले की खर्चात फारसा फरक पडला नाही. शिवाय लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही जवळपास तितकेच टाळले. बहुतेकांच्या प्रकृतीवर याचा मोठा परिणाम दिसला नाही, पण उच्च रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांना मोफत योजनेत स्पष्ट फायदा झाला. त्या प्रयोगात प्रत्येक कुटुंबाच्या वार्षिक वाट्याला उत्पन्नाशी जोडलेली आणि जास्तीत जास्त १,००० डॉलरची मर्यादा होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. मर्यादा असली की ९५ टक्क्यांचा वाटासुद्धा व्यवहारात डिडक्टिबलसारखाच वागतो.

म्हणून को-पेमेंट असलेल्या पॉलिसीत पहिला प्रश्न टक्केवारीचा नसून मर्यादेचा आहे. स्वित्झर्लंडच्या अनिवार्य आरोग्य विम्यात, जो खासगी कंपन्याच चालवतात, दोन्ही बोजे एकत्र नांदतात. २०२४ साली तिथे प्रौढांसाठी वार्षिक डिडक्टिबल किमान ३०० फ्रँक होता आणि स्वेच्छेने तो २,५०० फ्रँकपर्यंत वाढवता येत होता. त्यापुढच्या खर्चाचा १० टक्के वाटा विमाधारकाचा होता, मात्र तो वर्षाला ७०० फ्रँकपर्यंतच. सर्वांत मोठा डिडक्टिबल घेणाऱ्यालाही या दोन्हींपोटी वर्षात ३,२०० फ्रँकपेक्षा अधिक द्यावे लागणार नाहीत, हे पॉलिसी घेतानाच कळत असे. अशी रेषा आखलेली असेल, तर को-पेमेंटला घाबरण्याचे कारण उरत नाही.

हप्त्यातली सवलत तोलण्याचा हिशेबही दोन्ही बाबतींत वेगळा आहे. ५०,००० च्या डिडक्टिबलमुळे वर्षाला ५,००० वाचत असतील आणि ती रक्कम पूर्ण लागण्याइतके आजारपण दहा वर्षांतून एकदाच येणार असेल, तर व्यवहार बरोबरीत सुटतो. त्याहून क्वचित आले तर फायदा, वारंवार आले तर तोटा. यातला सर्वांत वाईट परिणामही माहीत असतो: वार्षिक डिडक्टिबलमध्ये एका वर्षात निव्वळ ४५,००० चे नुकसान. अट एवढीच की ५०,००० खरोखर बाजूला ठेवलेले असावेत. ज्या घरात तेवढी शिल्लक नाही, तिथे मोठा डिडक्टिबल उपचारांच्या दारातच आडवा येतो. दीर्घकालीन विकार असलेल्या आणि दरवर्षी मध्यम खर्च ठरलेल्या व्यक्तीलाही तो दरवर्षी पुन्हा भरावा लागतो. तिची पॉलिसी नेहमीच्या उपचारांचाही खर्च देत असेल, तर तिच्यासाठी मर्यादा असलेले को-पेमेंट अधिक सोयीचे ठरू शकते. मर्यादा नसलेल्या को-पेमेंटमध्ये मात्र ‘सर्वांत वाईट’ या आकड्याच्या जागी विमा रकमेएवढ्या बिलावरचा आपला वाटाच लिहावा लागतो, आणि हप्त्यातली सवलत त्याच्यापुढे ठेवून पाहावी लागते.

पॉलिसीच्या मजकुरात काही बारकावे तपासावेच लागतात. डिडक्टिबल वर्षातून एकदा आहे की प्रत्येक दाव्याला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. वर्षात तीन वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि प्रत्येक बिल डिडक्टिबलच्या वर गेले, तर आधीच्या उदाहरणातले ५०,००० दुसऱ्या प्रकारात १,५०,००० होतात. दोन्ही बोजे एकाच पॉलिसीत असतील तर क्रमानेही फरक पडतो. ३,००,००० च्या बिलातून आधी ५०,००० वजा करून उरलेल्यावर २० टक्के लावले, तर स्वतःचा वाटा १,००,००० येतो. आधी २० टक्के काढून मग ५०,००० वजा केले, तर तो १,१०,००० होतो. शिवाय दोन्ही हिशेब सहसा कंपनीने मान्य केलेल्या खर्चावर होतात, त्यामुळे नामंजूर बाबी वेगळ्या भराव्या लागतात.

अनेक पॉलिसींत को-पेमेंट सुरुवातीपासून नसते, ठरावीक वयानंतर ते लागू होते, आणि नेमक्या त्याच वयात बिले मोठी येऊ लागतात. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन ही अट काढून टाकतात. ती सोय उपलब्ध असेल, तर त्या जादा हप्त्याची तुलना एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या अपेक्षित बिलातल्या आपल्या वाट्याशी करावी, आणि ती प्रकृती चांगली असताना करावी, कारण आजार जडल्यानंतर कंपनी ही सोय देईलच याची हमी नसते.