एचपी-४२ : संथ विमानाची दहा वर्षं

१४ नोव्हेंबर १९३० रोजी इंग्लंडमधल्या रॅडलेटहून हँडली पेज कंपनीचं एचपी-४२ पहिल्यांदा उडालं, आणि पहिल्या दिवसापासूनच ते जुनाट दिसत होतं. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये तिरक्या दांड्यांची जाळी, दोन इंजिनं वरच्या पंखाला आणि दोन खालच्या. पंखांचा पसारा जवळजवळ ४० मीटर, म्हणजे आजच्या एअरबस ए-३२०पेक्षाही जास्त. एवढा सगळा लवाजमा घेऊन वेग मात्र ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. डच विमानकार अँथनी फोकर यांनी या विमानाची थट्टा केली होती म्हणतात: समोरचा वारा म्हणे याच्या अंगातच बसवलेला आहे.

थट्टा चुकीची नव्हती. हवेत हालणाऱ्या वस्तूला होणारा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट. त्यात उघडी इंजिनं, न मिटणारी चाकं आणि पंखांमधल्या दांड्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी हवा अडणार, घुसळली जाणार. पण ही विमानं चालवणाऱ्या इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीला वेग नकोच होता. तिला कैरोहून कराचीला जायचं होतं. गाझा, रुत्बा, बगदाद, बसरा, असं करत इराणच्या आखाताच्या काठाकाठाने. तिथे डांबरी धावपट्टी नव्हती, होती ती जेमतेम सपाट केलेली जमीन. इंजिन वाटेत बंद पडणं ही रोजची शक्यता. अशा मुलखात विमान किती जोरात पळतं याच्यापेक्षा किती हळू उतरू शकतं याला मोल होतं.

हळू उतरण्याचं गणित सोपं आहे. विमानाचं वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर किती भार पडतो ते कळतं. एचपी-४२चं पूर्ण भारित वजन सुमारे १२,७०० किलो आणि पंख सुमारे २७८ चौरस मीटर. भार आला ४६ किलो. ए-३२०चं वजन साधारण ७८ टन, पंख १२२ चौरस मीटर. भार ६३० किलोंच्या वर. भार जितका कमी तितक्या कमी वेगात पंख विमानाला तोलून धरतो. म्हणून ए-३२० ताशी २५० किलोमीटरच्या घरात उतरतं, तर हे धूड ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जमिनीला टेकायचं. उतरताना अंगात असलेली गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे काही बिनसलंच, तर किलोमागे जवळजवळ दहापट कमी ऊर्जा कुठेतरी जिरवायची.

वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला आणखी एक करामत होती. वेग फार कमी झाला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून उधळते आणि विमान कोसळतं. एचपी-४२मध्ये पंखाच्या कडेची एक अरुंद पट्टी अशा वेळी आपोआप पुढे सरकायची. वैमानिकाने कुठलाही दांडा ओढायचा नाही. पंखाच्या कडेवर तयार होणारी चोषणच पट्टीला बाहेर खेचायची. मधल्या फटीतून खालची हवा जोरात वर यायची आणि वरचा प्रवाह पंखाला चिकटवून ठेवायची. हँडली पेज यांनी शोधलेली ही फट आजच्या जेट विमानांच्या पंखांवरही वेगळ्या रूपात दिसते.

याची परीक्षा लवकरच झाली. ११ जून १९३१ला ‘हॅनिबल’ नावाच्या एचपी-४२ने लंडनजवळचं क्रॉयडन ते पॅरिस अशी पहिली प्रवासी फेरी केली, आणि ८ ऑगस्टला तेच विमान केंटमधल्या एका शेतात उतरवावं लागलं. एक इंजिन निकामी झालं, त्याच्या तुकड्यांनी शेजारचंही गेलं. विमानाची मोडतोड झाली, सुटं करून रस्त्याने क्रॉयडनला न्यावं लागलं. प्रवासी सगळे धडधाकट. अशी एकूण आठच विमानं बनली, सगळ्यांची नावं ‘ह’ने सुरू होणारी : हॅनिबल, होर्सा, हॅनो, हेड्रियन वगैरे. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत या आठांपैकी एकातही प्रवासी दगावला नाही. त्या काळात हे फारच मोठं यश होतं.

आतली व्यवस्था ऐटीची. प्रवासी पुढच्या आणि मागच्या कक्षात बसत. इंजिनांच्या पंख्यांच्या सरळ रेषेतला, सर्वांत गोंगाटाचा मधला भाग सामान, टपाल आणि स्वच्छतागृहांसाठी ठेवलेला. युरोपच्या विमानात ३८ जण मावत. पूर्वेकडच्या विमानात जागा कमी, कारण तिथे टपाल जास्त.

पल्ला कमी असल्याने वाटेत मुक्काम अटळ होता. १९३२ साली मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून अरबस्तानच्या बाजूला हलवला, तेव्हा शारजाच्या शेखांशी करार करून तिथे प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. ५ ऑक्टोबरला ‘हॅनो’ तिथे उतरलं. दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जेआरडी टाटा इम्पिरियलने कराचीला आणलेलं टपाल आपल्या छोट्या पस मॉथ विमानात घालून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेची सुरुवात म्हणून आपण तो दिवस सांगतो, पण ते टपाल कराचीपर्यंत पोचवणारी साखळी सहसा कुणाला आठवत नाही.

काळ मात्र भरभर बदलत होता. १९३४च्या लंडन-मेलबर्न शर्यतीत केएलएम या डच विमानकंपनीचं डग्लस डीसी-२, म्हणजे नेहमीचं प्रवासी विमान, दुसरं आलं. एकच पंख, गुळगुळीत धातूचं अंग, आत मिटणारी चाकं. त्यानंतर दोन पंखांच्या प्रवासी विमानाला भविष्य नव्हतं. तरी एचपी-४२ची सेवा युद्धापर्यंत चाललीच.

शेवट मात्र विचित्र झाला. ‘हेंगिस्ट’ १९३७ साली कराचीच्या हँगरमध्ये आगीत गेलं. ‘हॅनिबल’ १ मार्च १९४०ला बलुचिस्तानातल्या जिवानीहून शारजाला जाताना ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आत आठ माणसं होती, त्यांत मद्रास प्रांतातले जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम. अवशेष मिळालेच नाहीत. त्याच महिन्यात ब्रिस्टलच्या विमानतळावर वादळात ‘हेराक्लिस’ आणि ‘हॅनो’ एकमेकांवर आपटून मोडले. डिसेंबरात डॉनकास्टरला ‘हेड्रियन’ दोर तोडून उधळलं आणि रेल्वेरुळांशेजारी उलटं पडलं.

तीन विमानं जमिनीवर उभी असताना वाऱ्याने गेली, यात नवल नाही. जे विमान ताशी ८० किलोमीटरला उतरतं, त्याचे पंख तेवढ्या वेगाच्या वाऱ्यातही काम करणारच. हवा वाहते की विमान पळतं, हे पंखाला कळत नाही. त्यातून ही विमानं शेपटीकडच्या चाकावर टेकून उभी राहत, म्हणजे नाक थोडं वर आणि पंख आयताच वाऱ्याला सामोरा. उड्डाण शिकवणाऱ्या शाळांतल्या सेसना-१७२चा पंखभार ७० किलोंच्या आतच असतो. म्हणून ती उघड्यावर उभी करताना दोन्ही पंख आणि शेपूट जमिनीतल्या कड्यांना दोराने बांधतात.