अरुंद रस्ता, उंच इमारत आणि छायाप्रकाशाचा पेच

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र सकाळी समोरून घ्यायचे ठरवले, तर दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. पहिली जागेची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ साली पूर्ण झालेली ही वास्तू लांबरुंद आहे आणि तिच्या समोरच स्टीव्हन्स यांचीच महापालिकेची इमारत असल्यामुळे मागे सरकायला फारसा वाव राहत नाही. दुसरी अडचण उजेडाची. स्थानकाचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि घुमटामागचे पूर्वेचे आकाश डोळे दिपवण्याइतके उजळ असते. पहिल्या अडचणीवर वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स आणि दुसरीवर एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज), म्हणजे कमी-जास्त उजेडाची अनेक चित्रे एकत्र जोडण्याचे तंत्र वापरतात. ही दोन वेगळी साधने मानली जात असली, तरी शहरात पहिले वापरले की बहुधा दुसरे लागतेच, कारण लेन्सचा कोन जितका रुंद, तितके चौकटीत आकाशही जास्त येते आणि कमानींखालचा काळोखही.

लेन्सचा हिशेब सरळ भूमितीचा आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फुलफ्रेम सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश नोंदणाऱ्या पट्टीवर, ५० मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) लेन्स आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचे दृश्य टिपते, २४ मिलिमीटरची सुमारे ७४ अंशांचे, तर १६ मिलिमीटरची ९७ अंशांचे. म्हणजे ५० मीटर अंतरावर उभे राहिल्यास पहिल्या लेन्समध्ये ३६ मीटर रुंदीची भिंत मावते आणि दुसरीमध्ये ७५ मीटर रुंदीची. मात्र एवढे रुंद दृश्य सपाट पृष्ठभागावर उतरवताना सरळ रेषा सरळच ठेवायच्या असतील, तर काठाकडचा भाग ताणावाच लागतो. २४ मिलिमीटर लेन्समध्ये चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या काठाला आलेला चेंडू उंचीपेक्षा सव्वापट रुंद दिसतो आणि १६ मिलिमीटरमध्ये दीडपट. लेन्स कितीही महागडी असली तरी हे टळत नाही, कारण हा भिंगातला दोष नसून प्रक्षेपणाचा नियम आहे. म्हणून घुमट, घड्याळ किंवा माणसाचा चेहरा काठाशी येऊ न देणे हाच त्यावरचा उपाय.

इमारती मागे कललेल्या दिसतात त्याचे कारण मात्र वेगळे आहे. उंच मनोरा मावावा म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो, सेन्सर भिंतीशी समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकू लागतात. कॅमेरा समपातळीत ठेवला तर रेषा उभ्याच राहतात, पण क्षितिज चौकटीच्या मध्यावर येऊन खालचा अर्धा भाग रस्त्यानेच भरतो. निकॉनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटरची शिफ्ट लेन्स बाजारात आणली, ती याच अडचणीसाठी. तीत कॅमेरा न हलवता लेन्स सेन्सरला समांतर वर सरकवता येते आणि रस्त्याऐवजी मनोऱ्याचा माथा चौकटीत घेता येतो. आज हे काम संगणकावरही होते. तिथे चित्राचा वरचा भाग ताणला जातो, तपशील थोडा विरळ होतो आणि कडा कापाव्या लागतात, म्हणून चित्र घेतानाच इमारतीभोवती पुरेशी मोकळी जागा सोडलेली बरी.

आता उजेडाकडे वळू. छायाचित्रकार प्रकाश ‘स्टॉप’मध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. चांगला सेन्सर साधारण १२ ते १४ स्टॉपचा आवाका पेलतो, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांत चार हजारांपासून सोळा हजारांपर्यंत पट फरक असला तरी दोन्ही नोंदतो. पण गडद टोकाच्या नोंदी दाणेदार असतात. आकाश सांभाळायला एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश, कमी केला तर कमानी काळ्या पडतात, कमानी उजळवल्या तर आकाश जळते, म्हणजे तपशील न उरता पांढरेफटक पडते.

एचडीआर तंत्रात म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच दृश्याची अनेक चित्रे घेतात, समजा सेकंदाचा ४००वा, १००वा आणि २५वा भाग एवढा वेळ प्रकाश आत घेऊन. अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) बदलायचे नाहीत, अन्यथा चित्रात किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते ते आणि दाणा दोन्ही बदलतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूत, नोंदलेल्या प्रकाशाला त्या त्या एक्सपोजरच्या वेळेने भागले की तिन्ही चित्रांतून मूळ दृश्यातील तेजाचा अंदाज मिळतो. जळालेल्या आणि काळ्या पडलेल्या नोंदींना कमी वजन देऊन त्यांची सरासरी काढतात. हे गणित पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली नेटकेपणाने मांडले. मूळ कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. निळ्या रंगाला अतिसंवेदनशील असलेल्या जुन्या काचपट्ट्यांवर आकाश हटकून जळत असे, म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात आपल्या काही सागरचित्रांसाठी समुद्राची आणि आकाशाची वेगळी निगेटिव्ह वापरून एकच छायाचित्र छापले होते.

खरी कसोटी यानंतर लागते. छापील कागदावर पांढऱ्या आणि काळ्या रंगांत फरक असतो जेमतेम शंभर-दोनशे पटींचा. हजारो पटींचा आवाका त्यात बसवणे म्हणजे टोन मॅपिंग, आणि बहुतेक एचडीआर चित्रे बिघडतात ती इथेच. प्रत्येक कोपऱ्यात स्थानिक उठाव, म्हणजे शेजारच्या उजळ-गडद भागांतला फरक, वाढवत गेले की घुमटाभोवती पांढरट वलय उमटते आणि ढग काजळल्यासारखे दिसतात. त्याहून मोठे नुकसान दगडाचे होते. टर्मिनसवरचे कोरीवकाम आपल्याला दिसते ते त्याच्या खाचांत सावली असते म्हणून. ती सावली उपसून काढली की पाने, पक्षी आणि जाळ्या भिंतीवर रंगवल्यासारख्या सपाट होतात. सावलीत तपशील जाणवेल एवढाच उजेड भरावा आणि सावली सावलीच राहू द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

शहर हलते राहते, हा आणखी एक प्रश्न. तीन चित्रांच्या दरम्यान बेस्टची लाल बस पुढे सरकली की जोडलेल्या चित्रात तिच्या पारदर्शक सावल्या उरतात. अशा जागी एकाच चित्रातला भाग घ्यावा लागतो. फोनमधील एचडीआरची एक पद्धत वेगळी आहे: आकाश जळू नये अशा कमी एक्सपोजरची अनेक चित्रे झपाट्याने घेऊन, ती पिक्सेलशी पिक्सेल जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. नऊ चित्रांच्या सरासरीत दाणेदारपणा साधारण एक तृतीयांशावर येतो, त्यामुळे गडद भाग नंतर उजळवता येतो.

सूर्यास्तानंतर मात्र अशी एक वेळ येते, जेव्हा मावळते आकाश आणि रोषणाईने उजळलेली भिंत यांचे तेज जवळपास सारखे होते आणि एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही नीट येतात. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्याने सूर्य तीव्र उतारावरून क्षितिजाखाली जातो आणि नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा उजेड, २२ ते २४ मिनिटेच टिकतो. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तासाहून अधिक असतो. त्यामुळे मुंबईत जागा, चौकट आणि कॅमेऱ्याची पातळी सूर्य मावळण्यापूर्वीच पक्की करून ठेवावी लागते.