किचनचा रोल आणि लॅपटॉपची स्किन: खरा फरक गोंदात आहे

"किचनचा रोल आणि लॅपटॉपची स्किन, दोन्ही व्हिनाइलच ना? मग लॅपटॉपच्या झाकणासाठी वेगळे पैसे कशाला?" कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न हमखास कानावर येतो आणि त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, सगळं एकच असतं, ट्रॉलीत घालून उरलेला रोल काप आणि लाव. दुसरा घाबरवतो, रोल लावलास तर झाकण कायमचं गेलं, ओरिजिनल स्किनच घे. दोघंही चुकतात आणि एकाच जागी चुकतात. दोघांचं लक्ष वरच्या चित्राच्या फिल्मवर असतं. झाकणाचं भलंबुरं ठरतं ते तिच्या मागच्या गोंदाच्या थरावर.

किचनमध्ये लावायचा, मागे गोंद असलेल्या व्हिनाइलचा म्हणजे मऊ प्लास्टिकचा रोल सगळ्यांनी हाताळलेला असतो. साधारण 45 सेंटीमीटर रुंद, मागच्या कागदावर सेंटीमीटरच्या चौकटी छापलेल्या, संगमरवर, लाकूड किंवा विटांची नक्षी. कपाटाचे कप्पे, ओट्यामागची भिंत, ड्रॉवर. यापेक्षा जास्त ओळख करून देत नाही.

स्किन म्हणजे लॅपटॉपच्या मापाला कापलेलं व्हिनाइल, त्यावर छापलेलं चित्र आणि चित्रावर पारदर्शक लॅमिनेशन. मॉडेलचं नाव टाकून ऑनलाइन मागवता येते, नाहीतर गाड्यांचे नंबर आणि बाइकचे स्टिकर कापणारा कोपऱ्यावरचा रेडियमवाला त्याच मशिनवर कापून देतो.

किरकोळ फरक झटकन उरकतो. चकचकीत की मॅट, हा आवडीचा भाग. मॅटवर बोटांचे ठसे कमी दिसतात म्हणून मी मॅटच्या बाजूची. किंमत म्हणाल तर 15.6 इंची लॅपटॉपचं झाकण साधारण 36 बाय 25 सेंटीमीटरचं, त्याला अर्धा मीटर रोल पुरून उरतो, त्यामुळे रोल स्वस्त पडणारच. जाडीवरून मात्र फार फसवाफसवी चालते. "हा बघा, जाड आहे, टिकेल" हे दुकानातलं वाक्य सोडून द्या. व्हिनाइलमधली सर्वांत महाग फिल्म साधारण 50 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, म्हणजे साध्या फिल्मपेक्षा पातळ.

आता मुद्द्याचं. गोंदाचे दोन गुण असतात आणि लोक पहिला तपासून दुसरा गृहीत धरतात.

पहिला गुण: लावताना वाकडं बसलं तर उचलून परत बसवता येणं. दुसरा गुण: सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी काढताना सगळा गोंद फिल्मसोबत निघून येणं आणि झाकणावर काही न उरणं. हे दोन गुण एकमेकांवर अवलंबून नाहीत. एखाद्या मालात दोन्ही असतील, एखाद्यात फक्त पहिला. दुकानदार काउंटरच्या काचेवर तुकडा चिकटवतो, लगेच उपटतो, परत चिकटवतो आणि म्हणतो, "बघा, कधीही काढा, डाग पडत नाही." त्यानं दाखवलेला असतो पहिला गुण. दुसऱ्याबद्दल त्या प्रयोगातून काहीही कळत नाही.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. स्टिकरचा गोंद फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम ओलसर, अतिशय घट्ट द्रवासारखा राहतो आणि दाब मिळाला की पृष्ठभागाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचखळग्यांत हळूहळू पसरत जातो. हे पसरणं मिनिटांत पुरं होत नाही. पहिले 24 तास, कधी दोन-तीन दिवस, पकड वाढत राहते. म्हणून पाच मिनिटांनी उपटून पाहिलेल्या तुकड्यावरून दोन वर्षांनंतरचं भाकीत करणं निरर्थक आहे.

आता काढतानाचं पाहू. फिल्म ओढली की कुठेतरी सुटणार. तीन शक्यता आहेत. गोंद आणि झाकण यांच्यामध्ये सुटलं, तर झाकण स्वच्छ. गोंदाच्या थरातच फाटलं, तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. फिल्म आणि गोंद यांच्यामध्ये सुटलं, तर सगळा चिकटा झाकणावर. यातलं काय होणार हे बऱ्याच अंशी गोंदाची स्वतःची आतली पकड किती मजबूत आहे त्यावर ठरतं. बोटाला तो किती चिकट लागतो यावरून ते कळत नाही. बोटाला सौम्य वाटणारा गोंद आतून लिबलिबीत असेल, तर तो घाण करून जातो. चांगला ॲक्रिलिक गोंद झाकणाला घट्ट धरून बसतो, पण आतून एकसंध असल्यामुळे अख्खा पापुद्रा होऊन निघतो. "कमी चिकट आहे, म्हणजे सहज निघेल" या समजुतीनं जेवढी झाकणं खराब केली तेवढी दुसऱ्या कशानं केली नसतील.

ही समजूत बहुधा पिवळ्या चिठ्ठ्यांवरून आली आहे. पोस्ट-इट नावाच्या या चिठ्ठ्यांच्या गोंदात सूक्ष्म गोल कण असतात, ते मोजक्या बिंदूंवरच टेकतात, म्हणून चिठ्ठी उचलता येते आणि स्वच्छही निघते. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी तो 1968 मध्ये शोधला आणि चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या त्या 1980 मध्ये. तिथे कमी चिकटपणा चालतो, कारण कागदाच्या कपट्याला काही दिवस टिकायचं असतं. लॅपटॉपच्या झाकणावरची फिल्म रोज बॅगेत घासली जाते आणि लोकलच्या गर्दीत दाबली जाते. तिथे हा हिशोब चालत नाही.

आणि रोलचा गोंद काळानुसार बदलतो, ही गोष्ट तर कुणीच सांगत नाही. पीव्हीसी, म्हणजे हेच व्हिनाइल, मुळात कडक असतं. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. स्वस्त फिल्ममधून हे द्रव्य हळूहळू पाझरतं आणि मागच्या गोंदात उतरतं. गोंद मऊ पडतो, आतली पकड ढिली होते. गोंद रबराच्या जातीचा असेल तर हवेनं आणि उष्णतेनं तो आणखी बिघडतो. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली बॅग, नागपूर-चंद्रपूरची 45 अंशांची दुपार, यांनी हे सगळं लवकर घडतं. पहिल्या महिन्यात काढलेला रोल बहुतेक वेळा छान निघतो. तोच रोल एक-दोन वैशाख पाहून काढला की झाकणावर मधासारखा थर राहतो.

या विषयावरचे वाद मिटत का नाहीत, त्याचं कारणही इथेच सापडतं. "मी लावला होता, अगदी स्वच्छ निघाला" म्हणणारा खरं बोलतो. "माझं झाकण बरबाद झालं" म्हणणारीही खरं बोलते. एकानं दोन महिन्यांत काढला, दुसरीनं दोन वर्षांनी. रोल किती दिवस लावून ठेवला होता, हे विचारल्याशिवाय कुणाच्याही अनुभवावरून निर्णय घेऊ नका.

कडांचा प्रश्नही यालाच जोडून येतो. रोलची फिल्म गरम रुळांमधून लाटून, ताणून बनवलेली असते. मैद्याची पुरी लाटून ठेवली की थोडी आखडते, तशी ही फिल्मही ऊब मिळाली की कडांनी आत सरकते. मागे गोंदाची उघडी रेघ राहते, तिच्यावर धूळ बसते आणि झाकणाला काळी किनार येते. महाग फिल्म लाटत नाहीत. पातळ द्रव पसरून, भट्टीत सुकवून बनवतात. तिच्यात ताण नसतो म्हणून ती आखडतही नाही. कास्ट व्हिनाइल म्हणतात ती हीच.

म्हणून "स्किन" एवढं नाव ऐकून निर्धास्त होऊ नये. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त स्किनपैकी कित्येक याच लाटलेल्या फिल्मवर छापलेल्या असतात. रोलमध्ये आणि त्यांच्यात चित्राचाच काय तो फरक. रेडियमवाल्याकडे जाण्याचा फायदा हा, की त्याच्याकडे व्हिनाइलचा खोका असतो. खोक्यावरचं नाव आणि क्रमांक वाचा, कंपनीचं माहितीपत्रक शोधा. गोंद ॲक्रिलिक आहे की नाही आणि फिल्म किती महिन्यांपर्यंत स्वच्छ निघेल, या दोन गोष्टी चांगल्या कंपन्या तिथे लिहितात. ते सापडत नसेल, तर तो माल रोलच्याच पंक्तीत बसवा.

"बबल-फ्री" ही दुसरी भुरळ. मागच्या कागदावर बारीक उंचवट्यांची जाळी असते, तिचे ठसे गोंदावर उमटतात आणि त्या खाचांतून हवा बाहेर जाते. सोय उत्तम आहे, मला फार आवडते. पण तीही लावतानाची सोय. काढताना काय होईल याची हमी ती देत नाही.

मग रोल लावूच नये का? लावा, पण उन्हाळ्याआधी काढायच्या बोलीवर. दिवाळीत लावलात तर होळीपर्यंत उतरवा. नक्षी सतत बदलायची हौस असलेल्यांना रोल उत्तम. मॅकबुकसारख्या ज्या लॅपटॉपला पारदर्शक हार्ड कव्हर मिळतं, त्यांनी रोल कव्हरवर लावावा आणि गोंदाची चिंता सोडून द्यावी. दोन-तीन वर्षं लावून ठेवायचं असेल किंवा लॅपटॉप कंपनीला परत करायचा असेल, तर ॲक्रिलिक गोंदाची स्वच्छ निघणारी फिल्मच घ्या. चार पैसे जास्त जातील, तिथे काटकसर नको.

झाकण कशाचं आहे हेही पाहावं लागतं. ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत झाकणाला जवळजवळ काहीही चालतं. रंग दिलेल्या प्लास्टिकवर रंगाचा टवका निघालेला असेल तर तिथून फिल्म रंग ओढून काढेल, म्हणून ते झाकण सोडावं. उठावाची नक्षी असेल तर कुठलीच फिल्म नीट टेकत नाही. आणि हाताला मऊ, रबरासारखा स्पर्श देणारा लेप असेल, काही थिंकपॅड लॅपटॉपना असतो तसा, तर रोलही नको आणि स्किनही नको. तो लेपच गोंदासोबत सोलून येऊ शकतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. गॅसच्या मागे लावायचा तो चंदेरी, तेल न लागणारा ॲल्युमिनियम फॉइलचा रोल लॅपटॉपवर लावू नका. दिसायला सुंदर आणि स्वस्त असल्यामुळे मुलं तो हमखास उचलतात. प्लास्टिकच्या झाकणाच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाय-फायचे अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला, झाकणाच्या आत असतात. त्यावर धातूचा पत्रा चिकटवला की सिग्नल अडतो. मग राउटर बदलला जातो, नेटवाल्याशी भांडण होतं आणि कारण डोळ्यांसमोर चमकत असतं. साध्या पीव्हीसीनं असं काही होत नाही.

कापताना फिल्म झाकणावर ठेवून कटर फिरवू नये. त्यानं झाकणावर पडलेला ओरखडा कुठल्याच स्किनखाली कायमचा लपत नाही. मागच्या कागदावर माप आखा, कडेपासून एक-दीड मिलिमीटर आत राहील असं कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा बॅगेच्या अस्तरात अडकून पहिल्याच आठवड्यात उचकटतो. कडेवरून आत दुमडायचा मोह टाळा, लाटलेली फिल्म दुमडीवर टिकत नाही. काचेला फिल्म लावताना साबणाचं पाणी मारतात, ती युक्ती इथे नको, बिजागरीत पाणी जाईल. झाकण पुसून कोरडं करा, एका कडेनं सुरुवात करा आणि कापड गुंडाळलेल्या जुन्या कार्डानं मधून बाहेर दाबत जा.

काढताना लॅपटॉप बंद करा, हेअर ड्रायरनं कोपरा कोमट करा आणि फिल्म स्वतःवरच दुमडून, झाकणाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. सरळ वर खेचली की गोंद मागे राहण्याची शक्यता वाढते. चिकटा राहिलाच तर ॲल्युमिनियमवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापडावर घेऊन चालतं. प्लास्टिकवर आधी खालच्या बाजूला थेंबभर लावून बघा. नेलपेंट रिमूव्हर आणि थिनर कधीही नको: ॲसिटोन प्लास्टिकच विरघळवतं आणि तिथे पडलेला पांढरट डाग पुन्हा जात नाही. रबरी गोंदाला खोबरेल तेल बरं पडतं. कापसानं थोडंसं लावून अर्धा तास थांबा आणि बोटानं चोळून काढा. लोगोच्या खाचेत किंवा बिजागरीकडे तेल ओघळू देऊ नका. नवी फिल्म त्याच जागी लावायची असेल तर तेलाचा अंश राहता कामा नये. अल्कोहोलनं दोनदा पुसा, पूर्ण वाळू द्या, नाहीतर उत्तम ॲक्रिलिक गोंदही तिथे धरणार नाही.