पार्श्वभूमी : ग्रीक मुखवटा, खांबावरच्या देवापासून रंगमंचापर्यंत

प्राचीन ग्रीक भाषेत चेहरा आणि मुखवटा या दोन्हींसाठी एकच शब्द होता: 'प्रोसोपॉन'. आपण 'मुखवटा गळून पडला' म्हणतो, तेव्हा त्यामागे काहीतरी लपवलेलं होतं असं धरूनच चालतो. ग्रीकांना त्या शब्दात लपवाछपवी दिसत नव्हती. मुखवटा म्हणजे समोर आलेला चेहरा.

या नात्याचा धागा डायोनायसस या मद्याच्या देवापर्यंत जातो. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या काही मद्यपात्रांवर एक उभा खांब रंगवलेला आहे. खांबाला वस्त्र नेसवलंय, वर दाढीवाला मुखवटा बसवलाय आणि शेजारी बायका द्राक्षारस वाढताहेत. एवढ्यावर देव तिथे हजर झाला! अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर नाटकं व्हायची, तीही याच देवाच्या उत्सवात.

पहिला नट म्हणून थेस्पिसचं नाव घेतात. परंपरेने त्याचा काळ इ.स.पू. 534 च्या आसपासचा. 'सुदा' हा बायझंटाइन कोश सांगतो, की त्याने आधी तोंडाला सफेदा फासला, मग घोळीच्या पाल्याने चेहरा झाकला आणि शेवटी साध्या लिननचे मुखवटे आणले. हा कोश दीड हजार वर्षांनंतरचा, त्यामुळे त्याला आख्यायिकेइतकंच वजन द्यावं.

खरे मुखवटे कापडाचे वा लाकडाचे, म्हणून एकही उरला नाही. मुखवट्याचं तोंड कर्ण्यासारखं आवाज वाढवी, हे सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या चित्रांत ओठ जेमतेम विलग दिसतात. वासलेली तोंडं नंतरच्या काळातली. नेपल्सच्या संग्रहालयातल्या, इ.स.पू. 400 च्या सुमाराच्या 'प्रोनोमॉस' नावाच्या चित्रित मद्यपात्रावर नटांनी मुखवटे हातात धरलेत, केसादाढीसकट. म्हणजे ते अख्खं डोकं झाकत.

सगळ्या भूमिका तीन पुरुष नट वाटून घेत. युरिपिडीसच्या 'बाक्खाय' या नाटकामध्ये भान हरपलेली अगावे स्वतःच्या मुलाचं, पेंथेउसचं, शिर घेऊन येते. तिच्या हातात बहुधा पेंथेउसचाच मुखवटा असे आणि अगावे झालेला नट थोड्या वेळापूर्वी तोच घालून वावरला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हातारा बाप तिला विचारतो, हातात कुणाचं 'प्रोसोपॉन' आहे? ती म्हणते, सिंहाचं.