हेराच्या देवळातला शिपाई: ग्रीसमधल्या गाइडच्या पेशामागची गोष्ट

ऑलिंपियातलं हेरा या ग्रीक देवीचं देऊळ आज म्हणजे पायाचे दगड आणि काही आखूड, जाडजूड खांब. ऑलिंपिकची ज्योत याच देवळासमोर पेटवतात, त्यामुळे टीव्हीवर ते पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्याचं छप्पर शाबूत होतं तेव्हाची, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली एक हकीकत आहे. आशिया मायनरकडचा पॉसेनियस नावाचा एक ग्रीक गृहस्थ ऑलिंपिया बघत हिंडत होता. तिथल्या माहीतगाराचं नाव होतं ॲरिस्टार्कस. त्याने सांगितलं की या देवळाचं छप्पर दुरुस्तीला काढलं, तेव्हा कौलं आणि खालची नक्षीची तक्तपोशी यांच्या पोकळीत एका शिपायाचं प्रेत सापडलं, अंगावर जखमा असलेलं. पूर्वी कधीतरी या आवारातच स्पार्टाच्या फौजेशी लढाई झाली होती. त्यात घायाळ होऊन हा वर लपला आणि तिथेच मेला. ना ऊन ना थंडी, म्हणून प्रेत टिकलं. मग त्याला हत्यारांसकट आवाराबाहेर नेऊन पुरलं.

ती लढाई इ.स.पू. 400च्या आसपासची. म्हणजे प्रेत माळ्यावर किती शतकं पडून होतं याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पॉसेनियसने मात्र ॲरिस्टार्कसची ही गोष्ट गाळणं बरं नव्हे असं म्हणून ती लिहून ठेवली. प्राचीन ग्रीसमधल्या ज्या थोड्या गाइडांची नावं आपल्यापर्यंत आली, त्यांतला हा एक. आज ग्रीसच्या सहलीत ‘तज्ज्ञ गाइडसह’ असं छापलेलं असतं, त्या पेशाची सुरुवात शोधायची तर अशा माणसांपर्यंत जावं लागतं.

त्यांना दोन नावं होती. एक ‘एक्सिगीटीस’, म्हणजे उलगडून सांगणारा. दुसरं ‘पेरिगीटीस’, म्हणजे फिरवून आणणारा. ऑलिंपियाच्या शिलालेखांत पुजारी आणि देवळाच्या इतर सेवेकऱ्यांबरोबर एक्सिगीटीसचीही नोंद असते, म्हणजे ती देवस्थानातली मानाची जागा होती. वाटेत गाठून ‘चला, दाखवतो’ म्हणणारेही असणारच. बाहेरगावच्या माणसाला खऱ्याखोट्याची पारख नसते हे या धंद्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तला पिरॅमिड बघायला गेला, तेव्हा दुभाष्याने एका लेखावर बोट ठेवून सांगितलं की मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणीवर 1600 टॅलेंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी खर्च झाली असं इथे लिहिलंय. त्या दुभाष्याला ती लिपी खरंच वाचता येत होती का, ही शंका अजून मिटलेली नाही.

रोमन आले आणि ग्रीस बघणं हा प्रतिष्ठेचा भाग झाला. मॅसेडोनियाचा पराभव करणारा रोमन सेनापती एमिलियस पॉलस इ.स.पू. 167मध्ये डेल्फी, अथेन्स, कॉरिंथ, एपिडॉरस करत ऑलिंपियाला झ्यूसच्या मूर्तीपुढे जाऊन उभा राहिला. आजच्या ग्रीस टूरचे थांबे जवळजवळ हेच आहेत. पुढे नीरो आला, हेड्रियन तर पुन्हापुन्हा आला. राजे येतात तिथे हौशी माणसं मागोमाग येतात आणि त्यांना फिरवणारेही वाढतात.

हे फिरवणं कसं असायचं, याचं उत्तम चित्र ग्रीक लेखक प्लुटार्कने काढलंय. तो स्वतः डेल्फीच्या देवळात पुजारी होता, त्यामुळे त्याने हे रोज पाहिलेलं. त्याच्या एका संवादाच्या सुरुवातीलाच कुणीतरी वैतागून म्हणतो की पाहुण्याला मूर्ती दाखवता दाखवता तुम्ही पार संध्याकाळ केलीत. पाहुणा तरुण आहे, चौकस आहे. त्याची नजर स्पार्टाच्या लायसँडरच्या आरमारी सरदारांच्या कांस्यमूर्तींवर खिळते. त्यांच्यावर एक निळसर झाक आहे, जशी काही समुद्राचीच. हा रंग आला कुठून? हवेमुळे, तेलामुळे, की कारागिराच्या युक्तीने? मंडळी त्यावर वाद घालू लागतात. आणि गाइड? ते आपली ठरलेली टकळी चालवत राहतात. जरा आवरतं घ्या, प्रत्येक शिलालेख वाचून दाखवू नका, अशी विनवणी केली तरी ऐकत नाहीत. दोन हजार वर्षं होत आली, पण ग्रूपमध्ये मागे रेंगाळून भलतंच काहीतरी बघत बसणाऱ्याला हा प्रसंग आपलाच वाटेल.

दुसऱ्या शतकातल्याच ल्युशियन या विनोदी लेखकाने तर टोमणाच मारला. ग्रीसमधून दंतकथा काढून टाका, म्हणजे इथले गाइड उपाशी मरतील, कारण खरी माहिती फुकट दिली तरी पाहुण्यांना ती नको असते. पॉसेनियस अर्गॉसबद्दल लिहिताना जास्त समंजस होतो. तिथल्या गाइडांना आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे माहीत आहे, तरी ते सांगतात, कारण लोकांच्या मनातलं बदलणं सोपं नसतं, असं तो म्हणतो. मला हे वाक्य ल्युशियनच्या टोमण्यापेक्षा भेदक वाटतं. गाइड खोटारडा असतोच असं नाही. कधीकधी तो पाहुण्याचं मन मोडवत नाही, एवढंच.

याच काळात अथेन्समध्ये पाहुण्यांना एक थडगं दाखवलं जायचं, ‘हिंदी माणसाचं थडगं’. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात हिंदुस्थानातून एक शिष्टमंडळ पश्चिमेकडे गेलं होतं, त्यातल्या एकाने अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं. भूगोलकार स्ट्रॅबोने त्याच्या थडग्यावरचा मजकूर दिलाय: झार्मानोखेगास, बार्गोसाचा हिंदी, आपल्या देशाच्या परंपरेप्रमाणे स्वतःला अमर करून इथे पडला आहे. बार्गोसा म्हणजे भरूच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या काळातही हे थडगं दाखवलं जातं, असं प्लुटार्क लिहितो. म्हणजे अथेन्सच्या त्या काळच्या प्रेक्षणीय स्थळांत भरूचकडचा एक माणूस होता. ज्या समुद्रव्यापाराने ही ये-जा चालू ठेवली, त्याच्या खुणा आपल्याकडेही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांकडच्या लोकांचे, लेख आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे.

पॉसेनियसने दहा भागांत ग्रीसचं वर्णन लिहिलं आणि मग जुने धर्म मागे पडले. देवळं चर्च झाली, काही पडली, ऑलिंपियावर नद्यांचा गाळ साठला. मधली हजारभर वर्षं ‘दाखवणं’ हा धंदा फारसा दिसत नाही. 1436मध्ये इटलीतला सिरियाकस हा व्यापारी अथेन्स आणि डेल्फीत शिलालेख उतरवत फिरला, पण त्याला समजावून सांगणारं कुणी नव्हतं. तो स्वतःच शोधत होता. ऑटोमन काळात अथेन्समधलं पार्थेनॉन हे जुनं देऊळ मशीद होतं. 26 सप्टेंबर 1687 रोजी व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यात साठवलेल्या दारूगोळ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. आज गाइड ज्या पडक्या पार्थेनॉनपुढे उभा राहून बोलतो, त्याची पडझड मुख्यतः त्या एका दिवसाची आहे. दोन हजार वर्षांच्या ऊनपावसाला तो दोष लावू नये.

अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्सचे श्रीमंत आणि चित्रकार येऊ लागले. स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघांनी 1751पासून अथेन्समध्ये राहून इमारतींची मोजमापं घेतली. त्यानंतरच्या पिढीत अथेन्सला आलेल्याला शहर दाखवायचा तो फोव्हेल, फ्रान्सचा तिथला वाणिज्यदूत. 1806मध्ये फ्रेंच लेखक शातोब्रियाँला त्यानेच फिरवलं. फोव्हेलला प्रत्येक दगड पाठ होता. त्याने पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीचा एक तुकडा फ्रान्सला रवानाही केला, तो आता लूव्रमध्ये आहे. त्या काळात दाखवणारा आणि उचलून नेणारा हे बरेचदा एकच असायचे. इंग्रज राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी 1801पासून जे नेलं ते तर सर्वश्रुत आहे.

ग्रीस स्वतंत्र झाल्यावर हे चित्र बदललं. 1834च्या कायद्याने देशातले सगळे अवशेष राष्ट्राची मालमत्ता ठरले आणि त्याच वर्षी अथेन्स राजधानी झाली. पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे, त्या अ‍ॅक्रोपोलिसची साफसफाई सुरू झाली, ती मात्र डोळे मिटून कौतुक करण्यासारखी नाही. पार्थेनॉनच्या आतली छोटी मशीद काढली, तुर्की घरं काढली. प्रवेशद्वारापाशी मध्ययुगातला एक उंच बुरूज होता, तोही 1875मध्ये जर्मन उत्खननकार श्लीमानच्या पैशाने पाडला. हेतू एकच: पेरिक्लीसचा काळ तेवढा दिसावा. आज वर गेल्यावर गाइड ‘इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक’ म्हणतो आणि आपल्याला समोर तेच दिसतं, कारण मधली दोन हजार वर्षं उचलून बाजूला ठेवलेली आहेत. क्रीटमधल्या नॉसॉसला याच्या उलटा प्रकार. तिथे इंग्रज उत्खननकार आर्थर इव्हान्सने सिमेंट-काँक्रीटने मजले आणि लाल खांब उभे केले. तिथला चांगला गाइड तो, जो आधी इव्हान्सचं काय आणि मूळचं काय हे सांगतो.

मरेची प्रवासपुस्तिका 1840मध्ये आली, तरी नुसतं पुस्तक घेऊन निघायची सोय नव्हती. ‘ड्रॅगोमन’ लागायचा: दुभाषा, घोडे ठरवणारा, स्वयंपाकी आणि बिछाने बरोबर घेणारा, सगळं एकाच्याच गळ्यात. रस्ते निर्धोक नव्हते. एप्रिल 1870मध्ये मॅरेथॉनची रणभूमी बघून अथेन्सला परतणाऱ्या मंडळींना दरोडेखोरांनी धरलं. बायकांना सोडलं, खंडणीची बोलणी फिसकटली आणि तीन इंग्रज व एक इटालियन असे चौघे मारले गेले. संशयाची सुई त्यांच्या ड्रॅगोमनवरही फिरली. युरोपभर गाजलेलं हे प्रकरण डिलेसीचं हत्याकांड म्हणून ओळखलं जातं.

आता पुन्हा पॉसेनियसकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या पुस्तकावर विद्वानांचे दोन तट पडले, एक त्याच्यावर भरवसा ठेवणारा आणि दुसरा न ठेवणारा. श्लीमानने 1876मध्ये मायसीनी या प्राचीन नगरीच्या तटबंदीच्या आत खणलं, कारण थडगी आत आहेत असं पॉसेनियस सांगतो. सोन्याचे मुखवटे निघाले. पुढच्याच वर्षी ऑलिंपियात जर्मनांना हर्मीस या देवाची संगमरवरी मूर्ती मिळाली, आणि तीही कुठे, तर हेराच्या देवळात. ‘इथे प्रॅक्झिटिलीस या शिल्पकाराचा हर्मीस आहे’ असं ज्या देवळाबद्दल त्याने लिहिलं होतं, त्याच ठिकाणी. ती मूर्ती प्रॅक्झिटिलीसच्या हातचीच का, यावर आजही एकमत नाही, पण जागा चुकली नाही.

दुसऱ्या तटाचा म्होरक्या होता विलामोविट्झ, पुढे जगभर गाजलेला ग्रीक भाषेचा पंडित. पॉसेनियसने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलंच नाही, इतरांच्या पुस्तकांतून उतरवलंय, असं तो हट्टाने मांडायचा. या रागामागे 1873ची एक फजिती असल्याचं सांगतात. तेव्हा विशीत असलेला विलामोविट्झ काही खानदानी जर्मन पाहुण्यांना ऑलिंपियाहून हेराइयाला घेऊन निघाला, हातात पॉसेनियस. पॉसेनियसने ती वाट उलट दिशेने सांगितलीय हे त्याच्या लक्षात आलं नाही. वाट चुकली आणि बड्या मंडळींसमोर शोभा झाली. पुढे उत्खननं वाढत गेली तसा पॉसेनियस बराचसा खरा ठरला. एवढा मोठा पंडित आणि आयुष्यभराचा राग गाइड म्हणून फसल्याचा, हे मला फार मानवी वाटतं.

जाणत्या माणसाबरोबर साइट बघण्याची आजची पद्धत ठरवण्यात विल्हेल्म ड्योर्पफेल्डचा वाटा मोठा. हा मूळचा वास्तुरचनाकार, ऑलिंपिया आणि ट्रॉयला काम केलेला, नंतर अथेन्समधल्या जर्मन संस्थेचा प्रमुख. तो दरवर्षी पेलोपोनीज आणि बेटांच्या सहली काढायचा, त्यांत अनेक देशांचे अभ्यासक असायचे. खणणाऱ्यानेच खड्ड्याच्या काठावर उभं राहून हा दगड त्या दगडाच्या आधीचा का, ते दाखवायचं. पुजाऱ्याच्या पाठांतरापेक्षा ही तऱ्हा वेगळी होती. 1954पासून इंग्लंडमधून स्वान कंपनीच्या जहाजी सहली निघू लागल्या, त्यांवर व्याख्यानं द्यायला विद्यापीठातली मंडळी असत. त्यांत ठळक नाव मॉर्टिमर व्हीलरचं, 1944 ते 1948 या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक. अरिकामेडूला रोमन खापरं उकरणारा माणूस डेलॉसच्या अवशेषांत मिशीवर ताव देत सहलीच्या लोकांपुढे बोलतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

आजच्या ग्रीकमध्ये गाइडला ‘झेनागोस’ म्हणतात, परक्यांना नेणारा. प्राचीन काळी हाच शब्द भाडोत्री सैनिकांच्या तुकडीच्या नायकाला होता. सकाळी नऊ वाजता अ‍ॅक्रोपोलिसच्या पायऱ्यांवर छत्री उंच धरून चाळीस माणसं हाकणारी बाई पाहिली की जुना अर्थही चुकीचा वाटत नाही. तिच्यापाशी सरकारी परवाना असतो, आणि त्यासाठी इतिहास-पुरातत्त्वाचं शिक्षण लागतं. दुसऱ्या देशातून ग्रूपबरोबर येणाऱ्या गाइडवरच्या या बंधनाचा वाद युरोपीय न्यायालयात गेला. 1991मध्ये निकाल लागला की बाकी ठिकाणी अशी अडवणूक चालणार नाही, पण जिथे खास व्यावसायिक गाइडच हवा अशी संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तू त्यातून वगळल्या. म्हणून मुंबई-पुण्याहून गेलेल्या ग्रूपबरोबर आपला मराठी बोलणारा टूर मॅनेजर असला, तरी दारातून पुढे तिथलाच गाइड ताबा घेतो.

गर्दी इतकी की सप्टेंबर 2023पासून अ‍ॅक्रोपोलिसवर दिवसाला 20,000 जणांची मर्यादा आणि तिकिटावर वेळ ठरलेली. पुढच्या वर्षी पाच जणांच्या छोट्या ग्रूपला वेळेबाहेर वर नेण्याची सोय निघाली, दर 5,000 युरो. सम्राट हेड्रियनला जे मिळायचं त्याची ही किंमत.

एपिडॉरसच्या रंगमंडलात वर्तुळाच्या मधोमध एक गोल दगड आहे. गाइड तिथे उभा राहून नाणं टाकतो, कागद फाडतो, कुजबुजतो. ग्रूप वरच्या ओळींत पाठवलेला असतो. सगळ्यात वरच्या पायरीवर कुजबुज स्पष्ट ऐकू येते, असं सांगायची रीत आहे. नेदरलँड्सच्या आइंडहोव्हेनमधल्या संशोधकांनी तिथे हजारो मोजमापं घेतली आणि 2017मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नाणं पडल्याचं सगळीकडे जाणवतं, पण ते नाणंच आहे हे साधारण अर्ध्या उंचीपर्यंतच ओळखू येतं, आणि कुजबुजीतले शब्द फक्त पुढच्या जागांवर कळतात, असं निघालं. गाइडांच्या वाचनात हे आलं असणारच. कागद अजून फाडला जातो, आणि ‘ऐकू आलं का?’ या प्रश्नाला वरून हात वर होतात.