चार्जर आणि एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर कसा सुधारतात?

शेतीपंपाला कपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या वॉटचे प्रमाण) सुधारतो, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. मोटारीचा करंट व्होल्टेजच्या मागे पडतो आणि कपॅसिटर ती पिछाडी भरून काढतो. चार्जरला किंवा संगणकाच्या एसएमपीएसला (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याला) हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे करंटचा आकारच बिघडलेला असतो.

230 व्होल्टची लाट शिखरावर 325 व्होल्टपर्यंत चढते. एसीचे डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजमागचा मोठा कपॅसिटर जवळपास तेवढाच भरलेला असतो. लाट त्याच्या वर जाईल तेवढ्या क्षणापुरताच करंट वाहतो, तोही उंच, टोकदार झटक्याने. पॉवर फॅक्टर 0.6 धरला, तर 300 वॉटसाठी 1.3 ऐवजी जवळजवळ 2.2 अँपिअर ओढले जातात. घरगुती मीटर युनिट मोजतो, त्यामुळे बिलात हे दिसत नाही; तापतात त्या वायरी. त्यातही 150 हर्ट्झचा, म्हणजे मूळ 50 हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा, तिसरा हार्मोनिक घातक. तिन्ही फेजमधला हा भाग न्यूट्रलमध्ये रद्द न होता बेरजेने जमा होतो, आणि संगणकांनी भरलेल्या इमारतीत न्यूट्रल फेजपेक्षाही जास्त तापू शकते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज चढवून देणारे सर्किट. ब्रिज आणि कपॅसिटरच्या मध्ये चोक (तारेची कॉइल), मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि डायोड येतात. मॉस्फेट सेकंदाला साधारण लाखभर वेळा चालू-बंद होतो आणि करंटला व्होल्टेजच्या लाटेबरहुकूम वळवतो. आउटपुट 400 व्होल्टच्या आसपास ठेवतात, कारण 264 व्होल्ट इनपुटचे शिखर 373 व्होल्ट असते आणि बूस्टचे आउटपुट त्याहून वरच राहावे लागते.

डिझाइनचा खरा कस लागतो तो व्होल्टेज लूपमध्ये, म्हणजे आउटपुट मोजून ते 400 व्होल्टवर धरून ठेवणाऱ्या नियंत्रणात. लाइनमधून येणारी पॉवर सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, लोडला मात्र ती सलग हवी असते. मधला फरक कपॅसिटर सोसतो, म्हणून 400 व्होल्टवर 100 हर्ट्झचा रिपल (चढउतार) असणारच. 300 वॉट आणि 220 मायक्रोफॅरडला तो सुमारे 11 व्होल्ट भरतो. लूप वेगवान करून हा रिपल दाबण्याचा मोह होतो. तसे केले की करंटने ज्या लाटेबरहुकूम चालायचे तो संदर्भच लूप वाकडा करतो आणि घालवलेला तिसरा हार्मोनिक परत येतो! म्हणून हा लूप मुद्दाम मंद, 10-20 हर्ट्झच्या आत ठेवतात. करंटला लाटेबरहुकूम वळवणारा लूप मात्र चपळ असतो. मंदपणाची किंमत मोजावी लागतेच. लोड अचानक सुटला तर व्होल्टेज उसळते, त्यासाठी ओव्हरव्होल्टेज संरक्षण वेगळे द्यावे लागते.

कपॅसिटरची निवड मी रिपलवरून करत नाही, वीज गेल्यावर तो किती वेळ तग धरेल यावरून करतो. 20 मिलिसेकंदांत 400 वरून 320 व्होल्टपर्यंतच उतरायचे असेल, तर 300 वॉटला 208 मायक्रोफॅरड लागतात. 220 पुरेल असे वाटते, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा 20 टक्के कमी भरू शकतो. अशा वेळी 270 घ्यावा, 450 व्होल्टचा, आणि गरम हीटसिंकपासून शक्य तितका दूर बसवावा.